युकुलेलेवर जॅझ टर्नअराउंड: जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन टाकला की गाणारा अडते

हरभरा_जागल

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात आमची शेती. हरभरा आता घाट्यावर आला आहे, रानडुकरं आणि रोही एका रात्रीत वावर साफ करतात, म्हणून मोठे बाबा आणि मी रोज जागलीला जातो. मागच्या वर्षी कॉन्सर्ट मापाचं युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) घेतलं ते याच्यासाठीच, की मचाणावर चढताना खांद्यावर अडकवता येते. मोठे बाबा गातात, मी वाजवतो, आणि आवाजानं डुकरंही जरा लांब राहतात.

सी, ए मायनर, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन हा टर्नअराउंड, म्हणजे ओळीच्या शेवटी पुन्हा घरच्या सी कॉर्डवर आणणारा फेरा, हातात बसला. ओळ संपली की एकेका कॉर्डला दोन मात्रा, कहरव्याच्या आठ मात्रांत चारही येतात आणि पुढची ओळ बरोबर समेवर सी घेऊन उठते. आता त्यात बदली कॉर्ड शिकून राहिलो. ए मायनर काढून ए सेव्हन (०१००, म्हणजे जी, सी, ई, ए या तारा अनुक्रमे कितव्या फ्रेटला, पट्टीवरच्या घराला, दाबायच्या; ० म्हणजे मोकळी तार) टाकला, छान वाजते. मग जी सेव्हन (०२१२) काढून डी फ्लॅट सेव्हन (१११२) टाकला. एकटा वाजवतो तेव्हा अंगावर काटा येते इतका गोड. पण मोठे बाबा गात असले की नेमकं तिथंच बिघडते. परवा ते गाणं थांबवून म्हणाले, "इथं टोचून राहिलं बापा, पुन्हा वाजव." पुन्हा वाजवलं, पुन्हा टोचलं.

त्यांना कॉर्ड माहीत नाही. पण ४० वर्षं खंजिरी भजनात गेली, कानाला मी चूक म्हणूच शकत नाही. वाद्य घरच्या पेटीच्या पांढरी एकला मिळवूनच नेतो, सूर उतरलेला नसतो. मग जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन चालतो हा नियम खोटा आहे का माझी जागा चुकते?

पेटीवाला_दारव्हा

भाऊ, नियम खरा आहे आणि मोठे बाबाही खरे आहेत. त्या जागी ते शुद्ध रे धरतात का, ते आज ऐका. माझी खात्री आहे की रेच असणार.

पांढरी एक (सी) सा धरला तर जी सेव्हनमध्ये प, नि, रे, म असतात. डी फ्लॅट सेव्हनमध्ये कोमल रे, म, कोमल ध, नि. म आणि नि दोन्हींत आहेत. हे बोटांवर पाहा. ०२१२ धरा: तर्जनी ई तारेवर, मधलं बोट सी तारेवर, अनामिका ए तारेवर. आता मधलं बोट उचला आणि तर्जनी तिथंच आडवी पाडून जी, सी, ई तिन्ही तारा पहिल्या फ्रेटवर दाबा. अनामिका हलवू नका. झाला १११२. ई आणि ए तारेवरचे स्वर जागचे हलले नाहीत, तेच म आणि नि. घरी परतायची ओढ त्या जोडीत आहे, म्हणून एक कॉर्ड दुसऱ्याच्या जागी उभी राहते. ट्रायटोन सब्स्टिट्यूशन म्हणतात ते हेच.

पण या बदलीत शुद्ध रे गेला आणि कोमल रे आला. वर माणूस शुद्ध रे लांबवून राहिला आणि खाली तुम्ही कोमल रे छेडला, तर टोचणारच. म्हणून गळ्यात रे आहे तोवर जी सेव्हन ठेवा. त्यांनी श्वास घेतला की डी फ्लॅट. म्हणजे शेवटच्या दोन मात्रांतली एक याला, एक त्याला. गाणारा प वर थांबत असेल तर डी फ्लॅट बहुतेक चालून जातो, जरा तिरपा लागतो पण गोड. म किंवा नि वर असेल तर बिनधास्त टाका.

आणखी एक. कोमल रे, म, कोमल ध, नि हे चारही स्वर भैरवातले आहेत. मला ही कॉर्ड पुस्तकातून नाही, काकड्याच्या भजनातून कळली. १११२ वरून ०००३ वर सावकाश या आणि एकेक तार वेगळी ऐका: कोमल ध प वर उतरतो, कोमल रे सा वर, म ग वर, आणि नि चढून सा ला मिळतो. चारही तारा एकाच फ्रेटच्या अंतरानं घरी येतात. मी पेटीवर हे चार स्वर तासभर वाजवत बसतो, कंटाळा येत नाही.

हिंगणघाट_सहातारा

वरचं उत्तर एकदम बरोबर. मी मूळचा गिटारवाला, ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्यामुळे थोडी भर घालतो.

ए सेव्हनच्या जागीही तसाच बदल करता येतो, तिथं ई फ्लॅट सेव्हन (३३३४) येतो. मग उतार असा: ३३३४, २२२३ (डी मायनर सेव्हनच्या जागी डी सेव्हन), १११२, आणि घर ०००३. पहिले तीन एकाच हाताच्या ठेवणीत, फक्त हात सरकवायचा. युकुलेलेची जी तार वरच्या सुरात लावलेली असते, म्हणून सर्वांत खालची तार सी. या उतारात प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर नेमका त्या सी तारेवर येतो: ३, २, १, ०. अंगठ्यानं ती तार जरा ठळक छेडा, खर्जाची वाट कानाला आपोआप दिसते.

मोठे बाबांसोबत मात्र आधी मऊ बदल करा. ए सेव्हन (०१००) धरून ए तारेवर पहिल्या फ्रेटला एक बोट वाढवलं की ०१०१, म्हणजे सी शार्प डिमिनिश्ड. सी, सी शार्प, डी अशी चढण मिळते. ही चाल आपल्या कानाला परकी नाही, डान्स बँडमधून सिनेमात आलेल्या गोव्याच्या अरेंजरांनी १९५० च्या दशकातच हिंदी गाण्यांत अशा कॉर्ड पेरल्या. युकुलेलेवरच ऐकायचं असेल तर लाइल रिट्झ शोधा. बासही वाजवणारा माणूस, त्याच दशकात त्यानं युकुलेलेवर निव्वळ जॅझ वाजवलं.

आणि प्रत्येक ओळीला बदली टाकू नका. कडवं संपताना एकदा पुरे.

हरभरा_जागल

दोघांचेही आभार. काल रात्री ओलिताची पाळी होती, वीज बारानंतर आली. मोटर लावून मचाणावर बसलो आणि मोठे बाबांना फक्त शेवटची ओळ गायला लावली. रेच निघाला, लांबलचक. रे सुटेपर्यंत ०२१२ धरून ठेवला, त्यांनी श्वास घेतला तेव्हा तर्जनी आडवी पाडली. ते थांबले नाहीत. पुढची ओळ उचलली, आणि ती संपल्यावर म्हणाले, "मघाचं ते परत येऊ दे." रात्रभर तीच एक ओळ गायलो आम्ही. ३३३४ चा उतार अजून हातात नाही, ई फ्लॅटला ए तार दबत नाही, करंगळी लावून पाहतो.

एक विचारायचं राहिलं. त्यांची दुसरी चाल काळी दोनची आहे. सगळ्या बदली पुन्हा नव्यानं शिकाव्या लागतील का?

पेटीवाला_दारव्हा

नाही भाऊ. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि हीच बोटं ठेवा. कॅपो लावल्यावर तारा पेटीशी पुन्हा मिळवून घ्या, रात्रीच्या गारव्यात हमखास हलतात.