नानांच्या बुबुळावर पांढरा ठिपका, कोणता ड्रॉप टाकू? लवकर सांगा

तापीकाठ: नानांचा उजवा डोळा लाल झालाय, पाणी गळतंय, उजेडात उघडतच नाही आणि आता बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागलाय. मेडिकलवाल्याने ड्रॉप दिला होता, दोन दिवस बरं वाटलं आणि परत वाढलं. दुसरा कोणता चांगला ड्रॉप आहे? परवा मका काढायला माणसं येणार आहेत, त्याच्या आत बरं व्हायला पाहिजे.

केळीबाग_रावेर: भाऊ, पांढरं म्हणजे मोतीबिंदू पिकला. माझ्या आईचं ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. घाबरू नका.

चष्मेवाली: मोतीबिंदूने डोळा लाल होऊन असा ठणकत नाही हो. तापीकाठ, किती दिवस झाले? डोळ्याला काही लागलं होतं का? शुगर आहे का? ड्रॉपवर काय लिहिलंय ते वाचून टाका.

दादरची_भाकर: आमच्याकडे डोळ्यात फूल पडलं की मध घालतात. माझ्या आज्याचं फूल मधानेच गेलं.

शिरपूरकर: ताई, मध नका सांगू! आमच्या काकांच्या डोळ्यात असंच घरगुती घालत बसलो, बुबुळाला भोक पडलं, डोळा गेला.

तापीकाठ: आठ-नऊ दिवस झाले. मक्याचं पान लागलं होतं पण नाना म्हणत होते डोयामा कचरा गया, दुसरं काय नही. शुगर आहे, गोळी चालू आहे. बाटलीवर मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन लिहिलंय.

चष्मेवाली: पान लागलं हे आधी सांगायचं ना दादा. डेक्सामेथासोन म्हणजे स्टिरॉइड. त्याने लाली उतरते म्हणून दोन दिवस बरं वाटलं, पण शेतातल्या पानाने ओरखडा पडला की बुरशी आत शिरते आणि स्टिरॉइडमुळे ती जास्त फोफावते. तो ड्रॉप आता टाकू नका आणि आजच डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या, परवाची वाट बघू नका. जखम खरवडून स्लाइडवर केओएच नावाचं रसायन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशी की बॅक्टेरिया हे नुसत्या नजरेने नक्की सांगता येत नाही. बुरशी निघाली तर बहुतेक 5 टक्के नॅटामायसिन देतात. डोळा चोळू नका, पट्टी बांधू नका आणि ती बाटली सोबत न्या.

अमळनेर_७७: माझ्या मिसेसला असंच झालं होतं, नागिणीचा विषाणू निघाला. असायक्लोव्हिर मलम आणा, आठवड्यात फरक.

शिरपूरकर: वहिनींना पान लागलं होतं का? नाही ना? मग त्यांचं औषध नानांना कसं चालेल.

अमळनेर_७७: मी अनुभव सांगितला, रागावू नका.

केळीबाग_रावेर: माझ्या मुलाचा चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो, बुबुळ टोकदार होतंय म्हणे. सी३आर, म्हणजे किरणांनी बुबुळ घट्ट करायचं, ते करायला सांगितलंय. करावं का?

चष्मेवाली: तो केराटोकोनस. वाढत असेल तर सी३आर वेळेत करतात, वाढ थांबवायला. त्याला डोळा चोळू देऊ नका. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.

दादरची_भाकर: आणि नानांना औषधाने नाहीच थांबलं तर? पूर्ण डोळा बदलतात का?

शिरपूरकर: फक्त वरचा काचेसारखा पडदा बदलतात. पहिलं यशस्वी रोपण 1905 साली झालं, चुन्याने डोळे भाजलेल्या माणसावर. पण त्यासाठी कोणीतरी नेत्रदान करायला लागतं, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. काकांसाठी वाट बघितलीये आम्ही, म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तापीकाठ: मका राहू दिला, धुळ्याला आणलं. स्लाइडमध्ये बुरशी दिसली. नॅटामायसिनचाच ड्रॉप दिलाय, तासातासाला. रात्रीपण उठवायचं का? झोपमोड झाली की चिडतात.

चष्मेवाली: डॉक्टरांनी रात्रीचं सांगितलं असेल तर उठवा, चिडू देत. बरं व्हायला आठवडे लागतात, मध्येच सोडू नका. बाटली नीट हलवून टाका, औषध खाली बसतं. पापणीवर पांढरा गाळ दिसेल तो औषधाचाच, घाबरू नका.

तापीकाठ: दहाचा टाकला. अकराचा गजर लावलाय.