बोबडी वळणे, दातखीळ बसणे, वाचा बसणे

प्रश्न : हे तिन्ही वाक्प्रचार आपण घाबरलेल्या माणसाबद्दल वापरतो. ते एकमेकांच्या जागी चालतात का? एक अनुवाद तपासताना पक्षाघाताच्या रुग्णाबद्दल 'त्यांची बोबडी वळली होती' असं वाक्य आलं. ते खटकतंय, पण नेमकं का खटकतंय ते सांगता येत नाही.

प्रतिसाद : खटकायलाच हवं. बोबडी वळते ती भीतीनं, थंडीनं किंवा नशेत. शब्द बाहेर पडतात, पण वेडेवाकडे. लहान मुलांच्या बोबड्या बोलांसारखे. कारण सरलं की जीभ ताळ्यावर येते. 'ततपप करणं' याच्या शेजारचं असलं तरी वेगळं आहे. चोरी पकडली गेली की माणूस ततपप करतो, पायाशी साप दिसला की बोबडी वळते.

दातखीळ हा जबड्याचा प्रकार. धनुर्वातात जबड्याचे स्नायू आखडून तोंड उघडत नाही, ती खरी दातखीळ. भीतीनं बसते म्हणतो ती त्यावरून. वाचा बसते तेव्हा धक्क्यानं शब्दच फुटत नाही. आवाज बसणं मात्र साधं आहे, सर्दीनं किंवा ओरडून घसा बसतो तेव्हाचं.

प्रतिसाद : यामागे शरीरात काय घडतं तेही पाहण्यासारखं आहे. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग सावध होतो, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनालिन हे संप्रेरक रक्तात येतं, छाती धडधडते, लाळ आटते, श्वास उथळ आणि भरभर होतो. बोलायला याच्या नेमकं उलट लागतं : सावकाश सोडलेला श्वास, ओलसर तोंड आणि बिनचूक हलणारी जीभ. तोंडाला कोरड पडणं आणि बोबडी वळणं जोडीनं येतात ते यामुळेच.

प्रतिसाद : यात 'कंठ दाटून येणं'ही घ्या. ते भीतीचं नाही. दुःखाचं, मायेचं, कधी आनंदाचंही असतं. भावना अनावर झाली की जास्त हवा आत यावी म्हणून घशातलं स्वरद्वार, म्हणजे स्वरतंतूंमधली फट, उघडं राहू पाहतं, गिळताना मात्र ते मिटावं लागतं. या ओढाताणीत घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं आणि आपण आवंढा गिळतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत स्वरभेद, म्हणजे आवाज बदलणं, आहे, रोमांच आणि अश्रूंच्या बरोबरीनं. मनातली भावना शरीरावर कुठे उमटते याचं इतकं जुनं निरीक्षण आपल्याकडे आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

प्रतिसाद : मूळ प्रश्नाकडे येतो, कारण इथे चुकीचा शब्द रुग्णावर अन्याय करतो. पक्षाघातात बोलणं दोन प्रकारे बिघडतं. एकात जीभ, ओठ, घसा यांचे स्नायू नीट हलत नाहीत. उच्चार जड होतात, पण भाषा शाबूत असते, माणूस लिहून सांगू शकतो. आपल्याकडे 'जीभ जड झाली' म्हणतात, ते अचूक आहे. दुसऱ्यात भाषाच बाधित होते, तो वाचाघात. बहुतेकांमध्ये भाषेची मुख्य केंद्रं मेंदूच्या डाव्या अर्धात असतात. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात 1861 मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी तपासलेला लेबोर्न्य नावाचा रुग्ण जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला 'तां तां' एवढंच म्हणे. पण फार चिडला की त्याच्या तोंडून शिवीचे शब्द मात्र स्पष्ट निघत. 1874 मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला : बोलणं ओघवतं, पण अर्थ जुळत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट उमगत नाही.

रागातली शिवी, पाठ असलेली प्रार्थना, एक ते दहा आकडे, गाण्याची ओळ हे असं आपसूक येणारं बोलणं वाचाघातात पुष्कळदा टिकून राहतं. त्यामुळे 'पाणी' म्हणता न येणारे आजोबा आरती सलग म्हणू शकतात. मग घरचे म्हणतात, 'आरती येते, मग पाणी का मागत नाहीत? हट्ट आहे सगळा.' हट्ट मुळीच नसतो. शब्द ठरवून शोधणं आणि तो ओघात येणं यांसाठी मेंदू एकच वाट वापरत नाही. अशा वेळी 'बोबडी वळली' म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल की ते कशाला तरी घाबरले होते.

एक अवांतर, पण गरजेचं : कुणाचं बोलणं अचानक असं बिघडलं तर 'घाबरलाय, होईल शांत' म्हणत थांबू नका. तो पक्षाघात असू शकतो, आणि त्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं.

प्रश्नकर्ता : आभार. मूळ मजकुरात त्या गृहस्थांना समोरच्याचं सगळं कळतंय, 'हो' आणि 'नाही' म्हणता येतंय, बाकी शब्द सापडत नाहीत. 'त्यांची वाचा गेली होती' असं करू का?

प्रतिसाद : नको. 'हो' आणि 'नाही' म्हणतात, म्हणजे वाचा गेलेली नाही. 'त्यांना सगळं कळत होतं, पण शब्द ओठांवर येत नव्हते' असं लिहा. डॉक्टरच्या तोंडचं वाक्य असेल तिथे 'वाचाघात' ठेवा.