चारही चाकं ओढतात, पण टायरही चारही सारखे लागतात

‘ताकदवान वॅगन (मागे सामानाची लांब जागा असलेली कार) घ्यायची तर ऑल व्हील ड्राइव्हच, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी घ्या, नाहीतर ओल्या घाटात पुढची दोन चाकं नुसती फिरत राहतात’ असं या चर्चेत एकाने म्हटलंय. चढावर आणि वळणातून बाहेर पडताना ते अगदी खरं आहे. 1994 च्या ऑडी आरएस2 अवांत वॅगनने 315 अश्वशक्ती रस्त्यावर उतरवली ती क्वाट्रोच्या, म्हणजे ऑडीच्या ऑल व्हील ड्राइव्हच्या जोरावरच. पण कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती डांबरावर साबणासारखी पसरलेली असते तेव्हा प्रश्न थांबायचा असतो. तिथे फक्त टायर कामाला येतात, किती चाकं ओढतात याला काही अर्थ उरत नाही.

टायरवरून आठवलं, खर्चाचा हा मुद्दा कुणीच काढला नाही. माझ्या मित्राच्या ऑल व्हील वॅगनचा एक टायर धुळ्याजवळ खड्ड्यात बाजूने फाटला. दुकानदाराने एकच नवा बसवून दिला. बाकीचे तीन पाचेक मिलिमीटर झिजलेले. 225/45 आर17 मापात एवढ्या फरकाने झिजलेलं चाक शंभर किलोमीटरला नव्यापेक्षा साधारण 800 फेरे जास्त मारतं, आणि तो ताण पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या कपलिंगवर सतत येत राहतो. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी अडखळायची. शेवटी चारही टायर बदलले तेव्हा कुठे थांबलं. फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी वॅगनला अशा वेळी दोन टायरमध्ये भागतं. आपल्याकडचे रस्ते बघता हा हिशोब आधी करा, भाऊ.