मदत हवी आहे: खोतीच्या कागदांत सापडलेला, पण वंशावळीत नसलेला दत्तक मुलगा

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाची खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरागत हक्क, इंग्रजी अमलात आमच्या घराण्याकडे होती. मृत्युपत्रं, खरेदीखतं, फेरफार असे जमतील तेवढे कागद गोळा करून मी घराण्याची वंशावळ जुळवतोय आणि एका जागी पार अडकलोय. गावाचं आणि माणसांची नावं इथे देत नाही, कारण त्या जमिनीत आजही बऱ्याच जणांचे हिस्से आहेत. तीन भावांना थोरले, मधले आणि धाकटे एवढंच म्हणतो.

मी धाकट्यांच्या शाखेतला, ते माझे खापरपणजोबा. आमच्या घरी जी वंशावळ आहे तिच्यात थोरल्यांचा आणि धाकट्यांचा वंश आजपर्यंत व्यवस्थित उतरवलाय. मधल्यांच्या नावाखाली मात्र फक्त 'निर्वंश' असा शेरा आहे. त्यांच्या बायकोचं नाव नाही, मुलीचं तर नाहीच. आणि कागद वेगळंच सांगतायत.

पहिला कागद म्हणजे थोरल्यांचं मृत्युपत्र, १८८४ सालचं, रजिस्टर केलेलं. त्याची नक्कल मिळायला त्रास झाला नाही. मृत्युपत्रं दुय्यम निबंधकाकडे बुक नंबर ३ या नोंदवहीत असतात आणि लिहून देणारा हयात नसेल तर कोणीही अर्ज करून नक्कल मागू शकतो, नातं सिद्ध करावं लागत नाही. मजकूर मोडीत आहे, ओळखीच्या एका वाचकांनी लिप्यंतर करून दिलं. थोरले आपली खोतीची तक्षीम, म्हणजे हिस्सा, '५ आणे ४ पै' अशी सांगतात आणि ती मुलांना देतात. गावाची पूर्ण खोती १६ आणे (आण्याच्या १२ पै) धरली की तिसरा हिस्सा बरोबर ५ आणे ४ पै होतो, म्हणजे भाऊ तीनच, याबद्दल शंका उरली नाही. त्यातच एक ओळ आहे: मधले बंधू मयत असून त्यांचे कुटुंब आपली वहिवाट निराळी करून आहे.

दुसरा कागद खरेदीखत, शके १८१३ म्हणजे १८९१. लिहून देणारी मधल्यांची विधवा. इथे तिचं नाव पहिल्यांदा वाचलं आणि खरं सांगतो, पुढचा मजकूर वाचायला थोडा वेळ गेला. तिने २ आणे ८ पै तक्षीम शेजारच्या गावच्या सावकाराला विकली. किंमत शंभर रुपयांच्या वर असल्यामुळे दस्त रजिस्टर करावाच लागला, आणि म्हणूनच तो आज हाती आला. विक्रीचं कारण दिलंय, 'यजमानांचे कर्ज व मुलीचे लग्न'. म्हणजे मुलगी होती! खाली सही नाही, बांगडीची निशाणी आहे. तिच्या शेजारी धाकट्यांची संमतीची सही. आणि स्टँपाच्या पाठीमागे स्टँपविक्रेत्याचा शेरा आहे, त्यात स्टँप कुणी नेला ते लिहिलंय: 'हस्ते बंधू', आणि पुढे राजापूर तालुक्यातल्या एका गावाचं आडनाव. मला वाटतं हेच तिचं माहेर. दस्ताच्या मुख्य मजकुरात माहेरचा उल्लेख कुठेही नाही. पाठीमागचा हा दोन ओळींचा शेरा लिप्यंतरात आलाच नव्हता, मूळ नक्कल भिंगाखाली धरल्यावर दिसला.

तिसरा कागद जमिनींची हक्कनोंद सुरू झाल्यावरच्या सुरुवातीच्या फेरफारांपैकी. त्यात उरलेली २ आणे ८ पै एका पुरुषाच्या नावावर आहे आणि त्याच्या वडिलांच्या जागी मधल्यांचं नाव आहे. ज्यांना आम्ही पिढ्यानपिढ्या निर्वंश म्हणत आलो त्यांचा मुलगा! आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्याने एकाच नावाची माणसं बरीच आहेत. पण हे नाव घराण्यात आधी किंवा नंतर कुणाचंच नाही. त्यावरून तो बाहेरून दत्तक आला असावा असा माझा अंदाज आहे.

त्यानंतर हा माणूस नाहीसा होतो. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, त्या वेळच्या कागदांत त्याचं नाव नाही. आजच्या सातबारावर तर त्या शाखेचं कुणीच नाही.

आता माझे प्रश्न.

मधल्यांची तक्षीम ५ आणे ४ पै असताना विधवेने अर्धीच का विकली? मधल्यांच्या दोन बायका असतील आणि दुसरा अर्धा हिस्सा सवतीचा असेल, असं होऊ शकतं का?

दत्तकपत्र कुठे शोधावं? एका कार्यालयात मला सांगण्यात आलं की ते बुक ४ मध्ये (स्थावर मिळकतीशी संबंध नसलेल्या इतर दस्तांच्या नोंदवहीत) असेल आणि बुक ४ ची नक्कल तिऱ्हाइताला मिळत नाही. धाकट्यांचा वंशज या नात्याने मी तिऱ्हाईत ठरतो का?

खोतीच्या गावांची बोटखतं, म्हणजे कुळांची आणि त्यांच्या जमिनींची नोंदपत्रकं, कुणी प्रत्यक्ष पाहिली आहेत का? १८८० च्या खोती कायद्याखाली झालेल्या बोटखतात कुळांबरोबर खोतांचे हिस्सेही सापडतात का?

आणि शेवटचं, त्या मुलीचं काय झालं? लग्न झालेल्या मुलीचा माग जमिनीच्या कागदांतून काढायचा काही मार्ग आहे का? मला हा दत्तक सापडायला हवाच आहे, पण त्याहून जास्त ती मुलगी सापडायला हवी आहे. तिच्या लग्नासाठी आईने अर्धी तक्षीम विकली आणि तिचं नावही कुठे राहिलं नाही, हे मनातून जात नाही.

प्रतिसाद १

दिवाणी वकिली करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल खात्रीने सांगू शकतो.

आधी एक गोष्ट पक्की करा: भाऊ विभक्त होते. एकत्र कुटुंबातला हिंदू पुरुष आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देऊ शकत नव्हता, आणि थोरल्यांनी तो दिला. शिवाय हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा १९३७ चा कायदा येईपर्यंत एकत्र कुटुंबातल्या विधवेला फक्त पोटगीचा हक्क होता, विकायला हिस्सा नव्हता. तिने विकला म्हणजे नवरा वाटणी होऊन वारला होता आणि ती त्याची वारस होती.

पण अशा विधवेचा हक्कही मर्यादित असे. कायदेशीर गरज असेल तरच, आणि गरजेपुरतीच विक्री टिके. म्हणून तर दस्तात कर्ज आणि मुलीचं लग्न ही कारणं नमूद केली आहेत. सावकाराला उद्या कुणी कोर्टात खेचलं असतं तर त्याला तीच दाखवावी लागली असती. अर्धीच तक्षीम विकली यात मला काही विचित्र वाटत नाही, जेवढ्याची गरज तेवढं विकलं. सवत हयात असती तर कुठलाही शहाणा सावकार तिची निशाणी घेतल्याशिवाय पैसे मोजता ना.

आता धाकट्यांच्या सहीकडे बघा. विधवेच्या विक्रीला नवऱ्याच्या जवळच्या भाऊबंदांची संमती घेण्याची रीत होती, तीच ही. मग १८९१ साली मुलगा नव्हता, औरस नाही आणि दत्तकही नाही. दत्तक आधीच आला असता तर मिळकत त्याची झाली असती, आणि तिने त्या अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून दस्त केला असता. तुमचा शोध १८९१ ते पहिला फेरफार एवढ्या काळापुरता आला.

नवऱ्याच्या परवानगीचा कागद शोधण्यात वेळ घालवू नका. आपल्या मुंबई इलाख्यात, नवऱ्याने मनाई केली नसेल तर विभक्त नवऱ्याची विधवा स्वतःच्या अधिकारात दत्तक घेऊ शकत असे. आणि मुंबई शहराबाहेर १९२७ पूर्वी हिंदूचं मृत्युपत्र तोंडीही चालत असे, त्यामुळे मधल्यांची काही इच्छा असली तरी ती कागदावर असेलच असं नाही.

प्रतिसाद २

दत्तकपत्राबद्दल. ज्या दत्तकपत्रात स्थावर मिळकतीचा हक्क देण्याघेण्याचा मजकूर असतो ते बुक १ मध्ये जातं, आणि बुक १ व त्याचे इंडेक्स फी भरून कुणालाही पाहता येतात. त्यामुळे बुक ४ साठी भांडण्याआधी बुक १ बघाच. फ्लॅट घेताना आपण सगळे 'इंडेक्स टू' काढतो तो मिळकतीवरून असतो. तुम्हाला हवा आहे इंडेक्स १, तो माणसांच्या नावावरून लावलेला असतो. विधवेच्या नावाखाली शोधा, आडनावाखाली नाही. ऑनलाइन शोधाचा इथे उपयोग नाही, एवढे जुने दस्त तिथे नाहीत.

बुक ४ ची नक्कल लिहून देणारा, त्या दस्तावरून हक्क सांगणारा, किंवा त्यांचे प्रतिनिधी यांनाच मिळते. धाकट्यांचा वंशज म्हणून तुम्ही त्यात बसणं कठीण आहे. दत्तकाचा वंशज सापडला तर त्याने अर्ज करावा.

दुसरी वाट जिल्हा न्यायालयाची. १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली वारसदाखले निघत, त्या अर्जांत नातेवाईकांची यादी असते. दत्तक अज्ञान असेल आणि विधवा लवकर वारली असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज झालेला असू शकतो, आणि त्यात मुलाचं मूळ घराणं लिहिलेलं असू शकतं. वाटपाचा किंवा दत्तक अमान्य करण्याचा दावा झाला असेल तर फिर्यादीला वंशावळ जोडलेली असते. पाच-पन्नास दस्त चाळून जे मिळत नाही ते अशा एका दाव्यात मिळून जातं.

मुलीसाठी माझं मत असं की लग्न १८९१ च्या आसपासचं धरा आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला विधवा आई जाऊन आली असेल तर लेक-जावयाचं नाव तिथे लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. आणि त्या खरेदीखताच्या साक्षीदारांत वेगळ्या आडनावाचा कुणी आहे का? जावयाला किंवा व्याह्याला साक्षीला बसवायची पद्धत होती.

प्रतिसाद ३

मी दुसऱ्या बाजूचा. आमचं घर अशाच एका खोतीच्या गावात कुळ होतं. बोटखत मी पाहिलंय. कुळाचं नाव, जमीन, खोताला द्यायचा वाटा असं त्यात असतं, आणि आमच्या पूर्वजांची नावं लिहिलेला सगळ्यात जुना कागद तोच आहे. आमच्याकडे मृत्युपत्रं नाहीत आणि खरेदीखतंही नाहीत, कारण विकायला आमचं काही नव्हतंच. खोतांनी कुळांना काय वागवलं ते माझ्या आजोबांनी सांगितलंय. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक का आणलं, तेही त्यातूनच कळतं.

तुम्ही मनापासून शोधताय, म्हणून एक विनंती करतो. बोटखत हाती लागलं तर तुमच्या घराण्याच्या पानांबरोबर कुळांच्या नावांचेही फोटो काढा आणि गावात द्या. आमच्यासारख्यांना तेवढाच आधार आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मी पाहिलेल्या बोटखतात खोतांची तक्षीम नव्हती, फक्त त्या वर्षी कारभार पाहणाऱ्या खोताचं नाव होतं. तक्षिमीसाठी खोतांनी सरकारला लिहून दिलेल्या कबुलायती बघा.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. विभक्त असण्याचा मुद्दा थेट मृत्युपत्रातूनच सिद्ध होतो, हे लक्षात आणून दिलंत, त्याने सगळं चित्र स्पष्ट झालं. प्रतिसाद ३ लिहिणाऱ्या दादा, कुळांच्या प्रत्येक पानाचे फोटो काढून ग्रामपंचायतीत आणि ज्या घरांची नावं जुळतील त्या घरी नेऊन देईन.

साक्षीदार आत्ताच पुन्हा पाहिले. चार आहेत. तिघं गावचे, आणि चौथ्याचं आडनाव स्टँपावरच्या शेऱ्यातलंच, पण नाव वेगळं. म्हणजे माहेरची दोन माणसं दस्ताला हजर होती, एक स्टँप घेऊन येणारा भाऊ आणि हा दुसरा. मग दत्तकही माहेरच्याच घरातून आला असेल का? तसं असेल तर दत्तकपत्र आमच्या तालुक्यात सापडलं नाही तरी राजापूरकडच्या त्या घराण्याच्या वाटणीपत्रांत 'अमुक मुलगा दत्तक दिला, त्याचा हिस्सा नाही' असा उल्लेख मिळू शकेल.

राजापूर तालुक्यातले १८९१ ते १९१० च्या दरम्यानचे इंडेक्स १ कुणी चाळले आहेत का? त्या जुन्या जिल्दा अजून तालुक्यालाच आहेत की रत्नागिरीला हलवल्या आहेत, एवढं जरी कळलं तरी पुढच्या आठवड्यात निघतो.