धरण वाढलं म्हणजे पाणथळ वाढली असं नाही

उजनी धरणावरचे फ्लेमिंगो दाखवून कुणीतरी म्हटलंय की धरणाची उंची वाढवली तर पाणथळ वाढणारच, मग ओरड कसली. अहो, उजनीच्या काठच्या भिगवणला फ्लेमिंगो खोल पाण्यासाठी येत नाहीत, पाणी ओसरून काठाचा चिखल उघडा पडतो ना तिथे घोटाभर पाण्यात चरायला येतात. उंची वाढवली की हा उथळ काठ आधी बुडतो, आणि नवा काठ जर डोंगरउतारावर आला तर तिथे दलदल तयार होणार कुठून? खोल पाण्यात तळाला ऊन पोचत नाही म्हणजे तळाशी रुजणाऱ्या पाणवनस्पती संपल्या, आणि काठावर पाणी वर्षभर कित्येक मीटर खालीवर होत राहतं त्यामुळे धड पाण्यातलं गवत टिकत नाही धड जमिनीवरचं झाड.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरचं उदाहरण बघा, महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ, तीही बंधाऱ्यामुळेच झालीय, मान्य. पण ती झाली गाळ साचून, उथळ झाल्यामुळे! म्हणजे इरिगेशनवाल्यांच्या हिशोबात जे नुकसान तीच तिथली पाणथळ.

धरणाच्या खालच्या अंगाच्या नदीचं तर कुणी बोलतच नाही. वाळुंज या नदीकाठच्या झाडाचं कापूसवालं बी जेमतेम काही दिवस जिवंत राहतं, तेवढ्यात ओली वाळू मिळाली तर रुजतं, आणि ती वाळू पुरानेच येते. गाळ-वाळू वर भिंतीपाशी अडकली तर काठावर नवी झाडं उगवणार कशी ते सांगा.