नेब्युलायझर चालू होतोय पण वाफ येत नाही, लवकर सांगा

घणसोली_सेक्टर५ : मशीनचा आवाज नेहमीसारखा आहे, पण मास्कमधून वाफच येत नाही. औषध कपात तसंच पडून. कालपर्यंत व्यवस्थित होतं. दुकान सकाळी दहाला उघडेल. नवीन घ्यायचं का, एवढंच सांगा.

वाशीकर : मशीन कुठलं, कॉम्प्रेसरचं (नळीतून हवेचा झोत सोडणारं) की मेशचं (बारीक जाळीतून औषध फवारणारं)? औषध कोणतं? कोणाला द्यायचंय, वय किती? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

पाचपाखाडी : मशीन कशाला? पातेल्यात पाणी उकळा, ओवा टाका, निलगिरीचे दोन थेंब, डोक्यावर टॉवेल. छाती मोकळी.

औषधवाली_ठाणे : वाफाऱ्याने नाक मोकळं वाटतं, पण त्यातून औषध जात नाही. नेब्युलायझर औषधाचे साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब करतो, ते श्वासनलिकांत खोलवर उतरतात. निलगिरी, कापूर, व्हिक्स कपात कधीही टाकू नका. आणि घरात लहान मूल असेल तर उकळतं पातेलं नकोच.

घणसोली_सेक्टर५ : मुलगी, ४ वर्षांची. औषधं लेव्होलिन ०.६३ आणि बुडेकॉर्ट ०.५ मिलिग्रॅम. डबा आणि नळीवालं मशीन. खोकला आहे, पण खेळतेय. मशीनचं सांगा ना!

वाशीकर : म्हणजे कॉम्प्रेसर. नळी कपाकडून काढून टोक गालाला लावा. हवा जोरात लागते का? नसेल तर फिल्टर तुंबलाय, नळीला चीर आहे किंवा टोक सैल आहे. आणि कप कधी धुतला?

घणसोली_सेक्टर५ : हवा जोरात आहे. कप सकाळी मावशींनी भांड्यांबरोबर घासला.

वाशीकर : मग कप उघडा. तळाशी बारीक भोकाचा खुंट आहे, त्यावर शेंगदाण्याएवढी सुटी प्लास्टिकची टोपी बसते. ती आहे का? खुंट आणि टोपीच्या फटीतूनच औषध वर ओढलं जातं आणि हवेच्या झोतात फुटतं. टोपी नसली तर नुसते बुडबुडे. सिंकची जाळी बघा.

ऐरोली_१९ : यापेक्षा मेशचं घ्या. आवाज नाही, सेलवर चालतं.

औषधवाली_ठाणे : बुडेकॉर्ट सस्पेन्शन आहे, म्हणजे त्यात न विरघळलेले कण असतात, मेशची जाळी लवकर तुंबते. अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिकंपनांवर चालणाऱ्या मशीनमध्ये) तर ते वापरायचंच नसतं. चालू मशीन टाकून देऊ नका.

कासारवडवली : पंप (इनहेलर) आणि मास्कचा स्पेसर (पंपाला जोडायचा पोकळ नळकांडा) घ्या, मुलांना तितकाच गुण येतो, वीजही लागत नाही. आणि घोडबंदरच्या धुळीत फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीआधीच करडा होतो, तोही बघा.

वाशीकर : स्पेसर चांगलाच, पण रात्री डॉक्टरांना न विचारता औषध बदलायचं नाही.

घणसोली_सेक्टर५ : सापडली! जाळीत, भाताच्या शितांत. दोन्ही औषधं एकत्र टाकू?

कासारवडवली : आधी लेव्होलिन, दहा मिनिटांनी बुडेकॉर्ट. श्वासनलिका मोकळ्या झाल्यावरच दुसरं नीट पोचतं.

औषधवाली_ठाणे : ही दोन्ही एकत्र चालतात. लेव्होलिनचे २.५ आणि बुडेकॉर्टचे २ मिळून ४.५ मिली होतात, कपावरची खूण बघा. पण चिठ्ठीवर वेगवेगळी लिहिली असतील तर वेगळीच द्या. टोपी साबणाने धुवा, भोकात सुई घालू नका. बुडेकॉर्ट हलक्या हाताने हलवून ओता. मुलीला बसवा, कप उभा, मास्क गालाला चिकटलेला. लांबून धरलात तर बरंचसं औषध हवेतच जातं. फुसफुस सुरू झाली की कपाला टिचकी मारा. तळाला थोडं उरतंच, ते फेकून द्या. नंतर चूळ भरायला लावा आणि चेहरा पुसा, बुडेकॉर्ट स्टेरॉइड आहे, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात.

वाशीकर : झोपल्यावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ४० किंवा जास्त भरले तर रात्रीच डॉक्टरांना दाखवा. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसले किंवा धापेमुळे बोलता येत नसेल, तर मशीन लावत बसू नका, १०८ लावा.

घणसोली_सेक्टर५ : वाफ आली, दाट येतेय. कप आता मीच धुणार.

ऐरोली_१९ : धुतल्यावर कापडाने पुसू नका, धागे अडकतात. झटकून उघडाच वाळवा. नळी धुवायची नाही. आत दमट दिसली तर कप न लावता मशीन दोन-तीन मिनिटं चालवा.