चाचेगिरी, सीडिंग आणि डुप्लिकेट

पार्कचौक : सोलापुरातल्या एका संगणकवर्गासाठी फलक मराठीत करतोय. 'पायरेटेड सॉफ्टवेअर टाकू नये, टॉरेंट सीड करू नये.' 'चाचेगिरीचे सॉफ्टवेअर' लिहिलं तर सरांनी खोडलं. म्हणे चाचे समुद्रावर, इथं कुठला समुद्र? टॉरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांच्या संगणकांवरून फाइल तुकड्यातुकड्यांनी घेतात तिथं, आपल्याकडची फाइल इतरांना देत राहणं म्हणजे 'सीड'; त्याला तर शब्दच नाही.

ओसरी : इंग्रजीतला पायरेटही समुद्रावरचाच, तरी चोरून छापलेल्या पुस्तकांना तो सतराव्या शतकापासून चिकटलाय. चाचा हा गुजराती 'चांचिया'चा भाऊ. पिपावावजवळ चांच नावाचं गाव आहे, तिथूनच आला असणार.

मात्रा : गावावरून शब्द की शब्दावरून गाव? पुरावा द्या. फलकावर 'चोरीचे' लिहा, पोरांना कळतं.

कलम५२ : कळतं, पण बसत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मधली चोरी म्हणजे जंगम वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून हलवणं. प्रत काढली तरी मूळ जागेवरच राहतं. म्हणून १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'उल्लंघन' आहे. बेकायदा प्रत माहीत असून संगणकावर वापरली तर कलम ६३-ब : ७ दिवस ते ३ वर्षं कैद. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट नुसत्या दंडावर सोडू शकतं. 'अनधिकृत प्रत' लिहा.

मात्रा : अनधिकृत म्हटलं की नळजोड आठवतो.

हुरडा : सीडिंगला सरळ 'पेरणी' म्हणा की.

शून्यएक : नको. पेरलेलं बी हातात उरत नाही. सीडरकडे फाइल अख्खी राहते, तो मागेल त्याला तुकडे देतो. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेली ओळखखूण, तपासला जातो, जुळला नाही तर क्लायंट (टॉरेंट उतरवणारं सॉफ्टवेअर) तो तुकडा फेकून परत मागतो. ९९ टक्क्यांवर अडकतं ते बहुधा उरलेला तुकडा असणारा कोणी जोडलेला नसतो म्हणून. मुख्य म्हणजे डाउनलोड चालू असतानाच आलेले तुकडे पुढे जात असतात. नुसतं 'सीड करू नये' लिहिलंत तर पोरं डाउनलोड करणारच. आणि क्यूबिटटॉरेंट या क्लायंटमध्ये अपलोडची मर्यादा ० टाकून निश्चिंत बसू नका, तिथं ० म्हणजे अमर्याद!

ओसरी : मग 'वाटप'. आणि लीचरला, म्हणजे फाइल अजून उतरवून घेणाऱ्याला, 'जळू'.

शून्यएक : अर्धी फाइल असलेलाही वाटतच असतो, जळू कशी? शिवाय लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उघड टॉरेंटवर मिळते. टॉरेंट म्हणजेच गुन्हा, असा फलक नको.

धोटा : आपला 'डुप्लिकेट' काय वाईट बे? भलत्याच गावची चादर सोलापुरी म्हणून खपवली की लोक तेच म्हणतात.

कलम५२ : डुप्लिकेट चादरीत नाव खोटं असतं. पायरेटेड सॉफ्टवेअरमध्ये माल तोच, परवाना नाही. चादरीचं भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या गावच्या मालालाच ते नाव, १९९९ च्या कायद्याखाली, दर १० वर्षांनी नूतनीकरण केलं की चालूच. पुस्तकाचा कॉपीराइट मात्र लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, मग खुला.

धोटा : आणि नक्षी उचलली तर? जॅकार्डची (मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची) तीच भोकांची पंचकार्डं दुसऱ्याच्या मागावर चढली तर?

कलम५२ : तिथं डिझाइन कायदा, २०००. मुदत १० वर्षं, वर ५ वाढवून मिळतात. पण नोंदणी माल बाजारात यायच्या आधी हवी. नोंदवली नाही आणि मागावर ५० च्या वर नग निघाले, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार नक्षीवरचा कॉपीराइटही संपला.

धोटा : ५० नग म्हणजे मागाला काहीच नाही!

हुरडा : नक्षी की नक्काशी?

मात्रा : कापडावर नक्षी, नक्काशी लाकडा-दगडावर. डिझाइनला 'संकल्पचित्र' आहे ना.

धोटा : विणकराला संकल्पचित्र म्हणालात तर विचारेल, कुठला पूल बांधायचाय?